१९९७ चा पहिला फॉलआउट हा कॉम्प्युटर गेम आज खेळण्यासारखा आहे का? की नुसती जुन्या लोकांची हळहळ?

वडापाव_२०७७:
प्राइमवरची २०२४ ची सिरीज बघितली, मग फॉलआउट ४ झाला, आता सेलमध्ये पहिला भाग अगदीच स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. काल दोन तास बसलो आणि खरं सांगू का, गुहेतल्या उंदरांनीच जीव घेतला. वरून तिरकं दिसणारं चित्र, षटकोनी चौकटींवर एकेक पाऊल, बंदूक तोंडासमोर धरून पण नेम चुकतो. आणि वर आपल्या व्हॉल्टसाठी (म्हणजे अणुयुद्धातून वाचायला बांधलेला भूमिगत निवारा) पाणी शुद्ध करणारी चिप शोधून आणायला दीडशे दिवसांची मुदत. ज्यांनी अलीकडे खेळलाय त्यांनी सांगा, पुढे मजा येते का? "आमच्या वेळी" वाली उत्तरं नकोत प्लीज.

गंजकी_सायकल:
अहो उंदरांशी लढायचंच कशाला, पळा सरळ बाहेर, ती गुहा काय लढाई जिंकायला नाहीये. नेम चुकतो कारण तुम्ही बहुतेक तयार कॅरेक्टर घेतलंय किंवा बिग गन्सवर टॅग लावलाय (म्हणजे ते खास कौशल्य म्हणून निवडलंय), मोठ्या बंदुका दिसायलाच किती वेळ जातो. नवीन बनवा, अ‍ॅजिलिटी १० ठेवा म्हणजे एका टर्नला १० अ‍ॅक्शन पॉइंट मिळतात (चालायला, गोळी झाडायला तेच खर्च होतात), स्मॉल गन्स आणि स्पीच (बोलून पटवण्याचं कौशल्य) टॅग करा, तिसरं काहीही. इंटेलिजन्स मात्र ४ च्या खाली नेऊ नका, कॅरेक्टर नुसतं हं हूं करतं आणि अर्धा गेम हातचा जातो (दुसऱ्यांदा खेळताना मुद्दाम करा, हसून हसून पोट दुखेल).

ग्राफिक्सचं म्हणाल तर जुने आहेत, मान्य. पण महत्त्वाच्या माणसांचे ते बोलणारे चेहरे, ते मातीत घडवून मग कॉम्प्युटरवर घेतलेत, आणि आजही ते बघताना समोर कुणीतरी बसलंय असं वाटतं. आणि मार्क मॉर्गनचं पार्श्वसंगीत हेडफोन लावून रात्री ऐका एकदा.

आजोबा_मोड:
मी उलट सांगतो. मागच्या दिवाळीत परत खेळलो आणि निम्मा वेळ चिडचिड झाली. इयन नावाचा सोबती घेतलात ना, तो मागून सबमशीनगनचा बार काढतो आणि अर्ध्या गोळ्या तुमच्याच पाठीत. त्याला चिलखत घालता येत नाही, दारात उभा राहिला तर बाजूला हो म्हणता येत नाही, ती ढकलायची सोय दुसऱ्या भागात आली. ही काही कलात्मक अडचण वगैरे नाही, सरळ राहून गेलेलं काम आहे, उगाच कौतुक करू नये. ज्याला सहन होत नाही त्याने एट टू नावाचा मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल) टाकावा, त्यात पहिला भाग दुसऱ्याच्या इंजिनावर चालतो, सोबत्यांवर ताबा येतो.

पण दीडशे दिवसांबद्दल मी भांडेन. ती मुदतच या गेमचा जीव आहे. पहिल्यांदा मी व्हॉल्ट १५ ला दोरी न घेता गेलो, खाली उतरताच येईना, परत शेडी सँड्स गावाला दोरीसाठी, परत व्हॉल्ट, आणि नकाशावर दिवस मोजत बसलेलो, छातीत धडधड. नवीन गेममध्ये जग बुडायला आलेलं असतं आणि आपण तीन महिने पत्ते कुटत बसतो, कुणाला काही पडलेलं नसतं. तरी अगदीच घाबरू नका, हब नावाच्या शहरात पाणी विकणाऱ्या व्यापाऱ्यांना पैसे दिले की शंभर दिवस वाढवून मिळतात.

वडापाव_२०७७:
दोरीचं आधी सांगायचं ना! मी पण तसाच जाऊन आलोय 😭 आणि शेडी सँड्स म्हणजे हेच का, सिरीजमध्ये एवढं मोठं शहर दाखवलंय आणि इथे चार मातीची घरं, एक विहीर आणि दोन तोंडांच्या गायी.

काळी_मांजर:
हेच ते, पोरा. आणि तिथल्या आरादेशशी, म्हणजे गावच्या प्रमुखाशी, नीट बोल, चक्क धर्म वगैरे शब्द ऐकू येतील. त्या गायींचं नाव ब्राह्मिन आहे. २००८ ला मायक्रोसॉफ्टने तिसरा भाग एक्सबॉक्सवर भारतात आणणार नाही म्हणून सांगितलं, कारण दिलं सांस्कृतिक संवेदनशीलता, एवढंच. नेमकं काय खटकलं ते सांगितलं नाही, पण सगळ्यांनी या गायीकडेच बोट दाखवलं.

शेवट फोडत नाही, पण थोडा इशारा, नको असेल तर पुढची ओळ वाचू नकोस. शेवटच्या शत्रूला एक गोळी न झाडता नुसतं बोलून हरवता येतं, फक्त स्पीच वाढवून भागत नाही, हातात पुरावा लागतो, आणि तो तू आधी योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारला असशील तरच मिळतो. मी पहिल्या वेळी त्या माणसाशी धड बोललेच नव्हते. १९९७ च्या गेमने माझा आळस पकडला. असं नवीन कुठे होतं सांगा. तेव्हा भेटेल त्याच्याशी बोलत जा, आणि जंकटाउनमधल्या कुत्र्याला खायला घाल.

वडापाव_२०७७:
अपडेट. नवीन कॅरेक्टर, अ‍ॅजिलिटी १०, दोरी दोन घेतल्यात. उंदरांच्या मधून पळालो. विंचवांच्या गुहेत पोचलो तेव्हा १३८ दिवस शिल्लक. इयनला घेतलं, म्हटलं एवढं काय असेल. आत्ता तो अरुंद बोळात उभा आहे, मी त्याच्या मागे, आणि तो हलत नाहीये. शेवटचा सेव्ह कुठे केलाय ते आठवतोय.