ओव्हरराइड सोर्सडिर वापरताना पुसलेल्या फाइल्सचं काय?

बिल्डरूटमध्ये (एम्बेडेड उपकरणांसाठी अख्खी लिनक्स सिस्टिम बिल्ड करणारं टूल) एखाद्या पॅकेजचा कोड बदलायचा तर 'आउटपुट/बिल्ड'खालच्या कोडमध्येच थेट बदल करा, पटकन होतं, असं काही जण सुचवतात. ते मला अजिबात पटत नाही. 'मेक क्लीन' ही साफसफाईची कमांड दिली की ती अख्खी डिरेक्टरी जाते आणि दिवसभराचं काम तिच्यासोबत. जे ओव्हरराइड सोर्सडिर (पॅकेजचा सोर्स आपल्या डिरेक्टरीतून घ्यायला सांगणारी सेटिंग) सुचवतात त्यांचंच बरोबर आहे: 'लोकल डॉट एमके' या फाइलमध्ये एक ओळ, आणि सोर्स आपल्या गिटमध्ये सुरक्षित.

पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बिल्डरूट तुमच्या डिरेक्टरीत बिल्ड करत नाही. आरसिंकने (फाइल्स कॉपी करणारं टूल) तिची प्रत पॅकेजच्या नावापुढे '-कस्टम' लावलेल्या डिरेक्टरीत काढतो, आणि त्या आरसिंकला डिलीटचा पर्याय दिलेला नसतो. म्हणजे नव्या, बदललेल्या फाइल्स जातात, पण पुसलेली फाइल तिकडे तशीच राहते. इथे नागपुरात, परसोडीच्या आयटी पार्कमध्ये, आमच्या टीममध्ये एकाने जुनी सी फाइल काढून टाकली. मेकफाइलमध्ये वाइल्डकार्ड (डिरेक्टरीतल्या सगळ्या सी फाइल्स घ्या, अशी खूण), त्यामुळे ती कंपाइल होतच राहिली आणि एकच फंक्शन दोनदा सापडलं म्हणून लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) अडून बसला. गिटमध्ये फाइल नाही, एररमध्ये मात्र आहे, बघणारा चक्रावणारच! अशा वेळी पॅकेजच्या नावाला '-रीबिल्ड' जोडलेली कमांड पुरत नाही. '-डिरक्लीन' द्या, फक्त ती प्रत उडते, मूळ सोर्सला धक्का लागत नाही. आणि हो, ओव्हरराइड सोर्सडिरच्या मार्गाने पॅच (बिल्डरूट एरवी सोर्सवर लावतो ते छोटे बदल) लावायची पायरीसुद्धा वगळली जाते, तेव्हा पॅकेजचे पॅच आपल्या ब्रांचवर आधीच लावून ठेवा.