शब्दचर्चा : 'क्षत्रप' म्हणजे नेमका कोण?

विचारणा

निवडणुका जवळ आल्या की वर्तमानपत्रांत 'प्रादेशिक क्षत्रप' हा शब्द हमखास दिसतो. आपल्या राज्यात पाय घट्ट रोवलेला, दिल्लीला फारसं न जुमानणारा नेता, असा अर्थ मी संदर्भावरून लावत आले. इतिहासात मात्र क्षत्रप म्हणजे नाशिक-जुन्नरकडे राज्य करणारे शक. आणि कोशात पाहावं तर 'प्राचीन इराणी सम्राटाचा प्रांताधिकारी'. मग क्षत्रप हा राजा, अधिकारी की पुढारी? छत्रपती या शब्दाशी त्याचं काही नातं आहे का?

प्रतिसाद

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो लवकर सुटतो. नातं नाही. छत्रपतीत 'छत्र' आहे, 'छद्' म्हणजे झाकणे या धातूपासून आलेलं. ज्याच्या डोक्यावर छत्र धरतात तो छत्रपती. क्षत्रप या शब्दात 'क्षत्र' आहे, म्हणजे सत्ता, राज्य. शेवटचा 'प' हा नृप, भूप, गोप यांतलाच, 'पा' म्हणजे राखणे या धातूचा. प्राकृतात क्षत्रपाचं 'छत्रप' असंही रूप होतं, त्यामुळे गोंधळ वाढतो, पण मुळं वेगळी आहेत.

क्षत्रप हा मूळचा इराणी शब्द. जुन्या पारसिक भाषेत त्याचं रूप साधारण 'क्षश्शपावन्' असं होतं, अर्थ 'राज्याचा राखणदार'. ग्रीकांनी त्याचं 'सत्रापेस' केलं. पश्चिम इराणात बेहिस्तूनच्या कड्यावर पारसिक सम्राट पहिल्या दारयवौशाचा (डरायसचा, इ.स.पू. ५२२ ते ४८६) तीन भाषांतला कोरीव लेख आहे, त्यात हा शब्द आढळतो. राजा सांगतो की बाख्त्रीत, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडे, दादर्शी नावाचा पारसिक क्षत्रप होता, आणि त्याच ओळीत त्याला 'माझा बंदक' म्हणतो. बंदक म्हणजे राजाशी बांधला गेलेला चाकर. फारसीतून आपल्याकडे आलेला 'बंदा' याच कुळातला. अर्थ ठरवायला ही एक ओळ मला पुरेशी वाटते. क्षत्रप प्रांतात कितीही मोठा असो, राजासमोर तो चाकर.

हे पद का लागलं, ते पारसिक साम्राज्य कसं उभं राहिलं यावरून कळतं. पारसिक राजा कुरुषाने (सायरसने) इ.स.पू. ५५० च्या सुमारास शेजारच्या मीड लोकांचा राजा हरवला, पुढे काही वर्षांत आजच्या पश्चिम तुर्कस्तानातलं लिडिया घेतलं, ५३९ मध्ये बाबिलोन घेतलं. त्याचा मुलगा कंबुजीय ५२५ मध्ये इजिप्तमध्ये शिरला. म्हणजे जेमतेम पंचवीस वर्षांत एजियन समुद्रापासून मध्य आशियापर्यंतचे मुलूख एका घराण्याकडे आले, प्रत्येकाची भाषा, देव आणि वहिवाट वेगळी. ती मोडून सगळीकडे एकच कारभार लादण्याचा खटाटोप या राजांनी केला नाही. जुनी व्यवस्था बव्हंशी ठेवली, वर आपला क्षत्रप बसवला आणि त्याच्याकडून ठरलेला खंड (खंडणी) आणि लढाईच्या वेळी फौज मागितली. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने दारयवौशाच्या वेळच्या अशा २० विभागांची यादी दिली आहे. त्यात विसावा विभाग 'हिंदूं'चा, म्हणजे सिंधूकाठचा, आणि त्याचा खंड ३६० टॅलंट (टॅलंट हे तेव्हाचं वजनाचं माप) सोन्याची भुकटी.

उपप्रश्न

पण इतक्या लांबचा अधिकारी मुजोर झाला तर? घोड्यावरून निरोप पोचायलाच दिवसच्या दिवस जात असतील.

प्रतिसाद

हा खरा कळीचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर हिरोडोटसने सांगितलेल्या एका हकिगतीत आहे.

सार्दिसला, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, ओरोइतेस नावाचा क्षत्रप होता. दारयवौश गादीवर आला तेव्हा राज्यभर बंडं उसळली होती. त्या धामधुमीत ओरोइतेसने शेजारच्या क्षत्रपाला आणि त्याच्या मुलाला ठार केलं आणि राजाचा निरोप्याही मारला. त्याच्याजवळ हजार पारसिक अंगरक्षक होते. फौज पाठवावी तर राज्य अजून स्थिरस्थावर नव्हतं. मग बगैओस नावाचा एक सरदार राजमुद्रा उमटवलेली अनेक पत्रं घेऊन सार्दिसला गेला. दरबारात त्याने ती एकेक करून राजाच्या लेखनिकाच्या हाती दिली आणि वाचायला सांगितली. पत्र वाचलं जाताना अंगरक्षकांचे चेहरे तो बारकाईने पाहत होता. मुद्रेबद्दल त्यांच्या मनात आदर आहे, मजकुराबद्दल त्याहून जास्त आहे, हे ताडल्यावर त्याने पुढचं पत्र दिलं: 'पारसिकांनो, राजा दारयवौश तुम्हांला ओरोइतेसचे रक्षक राहण्यास मनाई करतो.' ऐकताच त्यांनी भाले खाली टाकले. मग शेवटचं पत्र: सार्दिसमधल्या पारसिकांनी ओरोइतेसला मारावं. त्यांनी तिथल्या तिथे तलवारी उपसल्या.

यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो लेखनिक. हिरोडोटस जाता जाता सांगतो की प्रत्येक क्षत्रपाकडे असा राजाचा लेखनिक असे. म्हणजे क्षत्रपाच्या दप्तरातला माणूस क्षत्रपाचा नव्हता, राजाचा होता. ग्रीक लेखक झेनोफोनही लिहितो की गडांवरचे किल्लेदार राजा स्वतः नेमत असे. मुलूख एकाकडे, गड दुसऱ्याकडे, कागद तिसऱ्याकडे, आणि तिघांचं तोंड राजाकडे.

अंतराचं म्हणाल तर सार्दिस ते राजधानी सुसा हा सुमारे अडीच हजार किलोमीटरचा राजमार्ग होता, त्यावर १११ मुक्काम. पायी चालणाऱ्याला ९० दिवस लागत. राजाचे जासूद ठिकठिकाणी घोडा आणि स्वार बदलत जात, म्हणून त्यांना त्याहून कितीतरी कमी. पत्रव्यवहार बहुतेक ठिकाणी अरामी भाषेत चाले. राज्यकर्त्यांची स्वतःची भाषा मात्र दगडावरच जास्त दिसते.

आणखी एक सभासद

ग्रीकांकडे या पदाला समांतर काय होतं? 'ग्रीक साम्राज्य' असं आपण सर्रास लिहितो.

प्रतिसाद

ते लिहिताना जरा थांबायला हवं, असं माझं मत आहे. सिकंदरापूर्वी ग्रीकांचं एक साम्राज्य नव्हतंच, होती ती शेकडो स्वतंत्र नगरराज्यं. साम्राज्याच्या जवळ पोचलं ते अथेन्स, तेही मैत्रीसंघाच्या वाटेने. पारसिकांना परतवल्यावर इ.स.पू. ४७८-७७ मध्ये बेटं आणि किनाऱ्यावरची शहरं एकत्र आली. कुणी गलबतं द्यायची, कुणी पैसे. अथेन्सच्या अरिस्तिदेसने पहिली वर्गणी ठरवली, एकूण ४६० टॅलंट. खजिना डेलॉस बेटावर होता, तो ४५४ मध्ये अथेन्सला हलवला गेला. मग त्यातला साठावा हिस्सा अथेना देवीला जाऊ लागला, आणि तो हिशेब दगडावर कोरलेला आज वाचता येतो. संघातून बाहेर पडू पाहणाऱ्या नॅक्सॉस आणि थॅसॉस या बेटांवर अथेन्सने चाल केली. ज्या आयोनियन, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्रीक, शहरांनी आधी सार्दिसच्या क्षत्रपाला खंड भरला, त्यांतली कितीतरी आता अथेन्सला 'फोरॉस', म्हणजे संघाची वर्गणी, भरू लागली.

पण अथेन्सने क्षत्रप नेमले नाहीत. एक माणूस वर्षानुवर्षं एका मुलखावर बसवणं त्या लोकसभेला पटणारं नव्हतं. तिथून पर्यवेक्षक जात, खटले अथेन्सच्या न्यायालयांत ओढले जात, काही ठिकाणी अथेन्सचे नागरिक जमिनी देऊन वसवले जात. मायदेशात लोकशाही आणि बेटांवर वसुली, हे एकाच शहराला जमलं. अथेन्सविषयी लिहिताना ही दुसरी बाजू आपण गाळतो, याची मला खंत वाटते.

सिकंदराने मात्र क्षत्रप हे पद जसंच्या तसं उचललं. इ.स.पू. ३३१ मध्ये बाबिलोन घेतल्यावर, आदल्याच लढाईत आपल्याविरुद्ध लढलेल्या मझाइओसला त्याने तिथला क्षत्रप केलं, पण फौज आणि वसुली दुसऱ्यांच्या हाती दिली. दारयवौशाचीच रीत! ३२३ मध्ये तो वारला तेव्हा सेनापतींनी वाटून घेतल्या त्या क्षत्रपीच. बाबिलोनची क्षत्रपी मिळालेल्या सेल्युकसचं पुढे साम्राज्य झालं.

मूळ विचारणाऱ्या

मग नाशिकचा नहपान कुणाचा चाकर होता?

प्रतिसाद

इथेच शब्दाने वळण घेतलं. नाशिकच्या लेण्यांत त्याचा जावई उषवदात दानं कोरून ठेवतो, तेव्हा सासऱ्याचा उल्लेख 'राज्ञः क्षहरातस्य क्षत्रपस्य नहपानस्य' असा करतो (क्षहरात हे घराण्याचं नाव). राजा आणि क्षत्रप ही दोन्ही पदं एकाच माणसाला. जुन्नरला त्याच्या अमात्याच्या लेखात तर 'महाक्षत्रप' आहे. आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर क्षत्रप शब्दच नाही, नुसतं 'राजा', तेही ब्राह्मी, खरोष्ठी आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये अशी १३,००० हून जास्त नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारला होता.

पुढे पश्चिम भारतातल्याच शक राजा रुद्रदामनाच्या घराण्यात बाप महाक्षत्रप आणि वारस क्षत्रप अशी पद्धत पडली. म्हणजे मुळात राजाने नेमलेला आणि राजा कधीही काढू शकेल असा माणूस, आपल्याकडे येता येता घराणेदार राजा झाला. पद राहिलं, वरचा धनी गेला.

म्हणून वर्तमानपत्रांतला वापर मी चूक म्हणणार नाही. तो पारसिक अर्थाशी जुळत नाही, पण पश्चिम भारतातल्या क्षत्रपांशी बऱ्यापैकी जुळतो. फक्त दिल्लीतून नेमलेल्या आणि दिल्लीच्याच मर्जीवर टिकलेल्या माणसाला क्षत्रप म्हणायचं, आणि स्वतःच्या बळावर उभा असलेल्यालाही क्षत्रपच, हे बरं नाही. पहिल्यासाठी 'सुभेदार' आहे. आणि आपलं राज्य राखून वरच्याला खंड देतो तो 'मांडलिक', जसे पारसिकांच्या हाताखाली आपापले राजे ठेवून राहिलेले फिनिशियन लोक. सीमा पुसट असतात हे खरं. आजच्या नैऋत्य तुर्कस्तानातल्या कारियाचा मॉसोलस (इ.स.पू. ३७७ ते ३५३) कागदोपत्री क्षत्रप, वडिलांच्या जागी आलेला, आणि वागणुकीत जवळजवळ राजा.

आणखी एक सभासद

'क्षत्र' इराणातही टिकलं का, की फक्त या पदात?

प्रतिसाद

टिकलं, आणि तुमच्या रोजच्या बोलण्यात आहे. इराणी 'क्षथ्र'पासून मध्यकालीन फारसीत 'शह्र' झालं, अर्थ राज्य, देश. इस्लामपूर्व इराणवर राज्य करणारे सासानी लोक आपल्या देशाला 'एरानशह्र' म्हणत. पुढे अर्थ आक्रसून नगरापुरता राहिला आणि तोच शब्द फारसीतून मराठीत 'शहर' म्हणून आला.