अलिबाग ते गोवा, सामानासह सायकल: दिवसाला किती किमी धरावे?

पुणे_पायडल:
नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये अलिबागजवळच्या मांडव्याहून किनाऱ्याने रेडीपर्यंत (महाराष्ट्राचे दक्षिण टोक) आणि पुढे गोवा असा बेत आहे. अंतर साधारण 500 किमी. रजा आठ दिवसांची, त्यातले सहा दिवस सायकलवर, म्हणजे रोज 85 किमी. रविवारी रिकाम्या सायकलवर पुण्याच्या आसपास 100 किमी होतात. सायकल हायब्रिड, गिअरच्या चकत्यांचे दाते पुढे 48/38/28, मागे 14-28. सामान 18 किलो, सगळे मागच्या कॅरिअरवर. 85 किमी रोज जमेल का? नसेल तर आकडा कसा काढायचा?

सडा_आणि_खाडी:
या रस्त्यावर 85 रोज धरू नका. किलोमीटर बाजूला ठेवा आणि दिवस तासांत मोजा.

कोकणचा किनारा नकाशावर सपाट दिसतो, पण तो तसा नाही. जांभ्याचा सडा, म्हणजे उंच खडकाळ पठार, समुद्राच्या अगदी जवळ येतो आणि दर काही किलोमीटरवर खाडी त्याला कापते. गाव खाली, खाडीच्या तोंडाशी. रस्ता गावात उतरतो आणि गाव संपताच पुन्हा सड्यावर चढतो. एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचाच, पण तीव्र, आणि दिवसात असे सात-आठ येतात. त्यामुळे श्रीवर्धनच्या पुढे 60 किमीच्या दिवसात 1000 मीटर चढ धरूनच चालावे.

हिशोब असा. सामानासह सपाटीवर ताशी 15 किमी. त्यात दर 100 मीटर चढाला 15 मिनिटे मिळवा. ही 15 मिनिटे कुठून आली? तुम्ही 70 किलो, सायकल 15, सामान 18, पाणी 2, असे 105 किलो झाले. ते 100 मीटर वर न्यायला साधारण 103 किलोज्यूल लागतात. नुसत्या उचलण्यासाठी 110 वॅट टिकवले तर सोळा मिनिटे होतात. दिवसभर आणि लागोपाठ दिवस टिकेल असा जोर इतकाच. उतारावर हा वेळ परत मिळत नाही: वळणे अवघड, डांबर उखडलेले आणि खाली गावात गतिरोधक.

आता 60 किमी आणि 1000 मीटरचा दिवस घ्या. चार तास अधिक अडीच, म्हणजे साडेसहा तास चाके फिरती. दर तासाला 15 मिनिटे पाणी, फोटो, रस्ता विचारणे, हवा बघणे यांत जातात, की झाले आठ तासांच्या वर. जेटीवर थांबून फेरीबोटीने खाडीपलीकडे जायला पाऊण तास, दुपारच्या उन्हात जेवण आणि विसावा दोन तास. एकूण अकरा. डिसेंबरमध्ये सूर्योदय सातच्या सुमारास, सूर्यास्त सहाच्या. उजेड तेवढाच.

त्याच रीतीने 85 किमी आणि 1400 मीटर मोजा. नऊ तासांवर नुसते पायडल. थांबे आणि विसावा धरला तर अंधारातच पोहोचाल, तेही रोज.

अ‍ॅपमधल्या चढाच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. दोन अ‍ॅप एकाच रस्त्याला बराच वेगळा आकडा देतात, कारण त्यांच्या नकाशात उंची दूरदूरच्या बिंदूंवरच नोंदलेली असते आणि पुलावरून जाणारा रस्ता खाली दरीत उतरल्यासारखा मोजला जातो. एकच अ‍ॅप धरा आणि त्याच्याच आकड्यांवर स्वतःचा वेग काढा. पूर्ण सामान लादून गोळेवाडीहून सिंहगड चढा: सुमारे 9 किमी, 600 मीटरच्या आसपास. दर 100 मीटरला 15 ऐवजी 20 मिनिटे लागली, तर वरच्या हिशोबात 20 घाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा 50 किमी करा; खरा आकडा त्या दुसऱ्या दिवशी कळतो.

पाना_स्पोक:
वरचा हिशोब पटला, पण तुमच्या गिअरवर तो लागू होणार नाही. 28/28, म्हणजे पुढे 28 आणि मागे 28 दाते, यावर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 2.17 मीटर जाते. मिनिटाला 60 फेऱ्या म्हटले तर ताशी 7.8 किमी, आणि 10 टक्के चढावर 105 किलोला त्यासाठी 240 वॅट लागतात. इतका जोर दिवसभर निघत नाही. मग फेऱ्या 40 वर येतात आणि तिसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतात.

मागे 14-34 फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) बसवा. 28/34 वर तोच चढ 60 फेऱ्यांना साधारण 200 वॅटमध्ये होतो. अजून जास्तच आहे, पण 50 फेऱ्यांवर 165 ला येतो. लांब पिंजऱ्याचा मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लागेल. साखळीही नवी घ्या आणि पुढची मोठी व मागची मोठी चकती जुळवून लांबी मोजा. जुनी आखूड पडली तर चुकून त्या गिअरवर गेल्यावर डिरेलर वाकतो. पुढे 22 दात्यांची चकती असलेला क्रँक (पायडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या) बसत असेल तर 22/34 वर काम 155 वॅटवर येते. माझ्या मते या रस्त्याला तोच योग्य.

18 किलो सगळे मागे नको. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात आणि तेच आधी, हबजवळच्या वळणावर तुटतात. 11 मागे, 7 पुढे करा. पुढे कॅरिअर नसेल तर हँडलबॅगेत तीन किलो आणि बाकी सामान कमी. त्या बाजूच्या मापाचे चार स्पोक आणि फ्रीव्हील काढायचा टूल सोबत हवाच. फ्रीव्हील न काढता तो स्पोक बदलत नाही, आणि हा टूल गावातल्या दुकानात मिळेलच असे नाही.

पुणे_पायडल:
धन्यवाद. गिअरचे काम आधी करतो. रजा वाढणार नाही. मग कुठे कापावे?

सडा_आणि_खाडी:
सलग रेडीपर्यंत दहा दिवस सायकल आणि मध्ये एक विश्रांती लागेल. तुम्ही रत्नागिरीपर्यंतच करा. पहिला दिवस मांडवा ते मुरूड, जवळजवळ 70, पण तुलनेने सोपा. दुसरा आगरदांडा–दिघी जेटीने श्रीवर्धन, मुद्दाम छोटा. तिसरा बागमांडला–वेश्वी ओलांडून आंजर्ले. चौथा दाभोळ–धोपावे करून गुहागर. हा सर्वांत जड. पाचवा तवसाळ–जयगडने गणपतीपुळे. सहावा आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, अर्धाच दिवस. एक दिवस पंक्चर, पोट किंवा चुकलेल्या फेरीबोटीसाठी राखून ठेवा. फेरीबोटीच्या वेळा आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारा.

पाना_स्पोक:
परतताना रत्नागिरी स्टेशनच्या पार्सल कार्यालयात सायकल लगेज म्हणून नोंदवता येते. ती ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातून जाते. गाडीच्या दीड-दोन तास आधी पोहोचा, पायडल काढून पिशवीत ठेवा, डिरेलरवर पुठ्ठा बांधा.