कल्हई आणि कळकलेली आमटी
पितळेची भांडी केवळ स्टीलच्या हौसेपायी मोडीत गेली, असे अनेकजण म्हणतात, पण या मताशी मी पूर्ण सहमत नाही. माझ्या मते खरे कारण कल्हईचा खटाटोप हेच होते. पितळेत तांबे आणि जस्त असते, त्यामुळे चिंच, कोकम किंवा ताक त्यात राहिले की कळकते, म्हणजे धातूच्या संपर्काने बिघडते, म्हणून आतून कथलाचा (टिन या धातूचा) थर द्यावाच लागे; हीच कल्हई. कल्हईवाला दारात खड्डा खणून भाता लावी, भांडे तापले की चिमूटभर नवसागर टाकी, पांढरा धूर उठताच कथलाची कांडी आतून टेकवी आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने असे काही फिरवी की पाहता पाहता काळपट तळ लखलखू लागे. (कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कोळशाची एवढीशी भट्टीही पुरे.) रोजच्या घासण्याने मात्र हा थर झिजत जाई.

त्या काळच्या पंगतीच्या आठवणीही अनेकजण जिव्हाळ्याने सांगतात. आधी पुरुष आणि मुले, मग बायका, ही रीत आमच्याकडेही होती, आणि तिचे कौतुक मला आवरतेच घ्यावेसे वाटते, कारण कल्हई उडालेल्या पातेल्यात दुपारपर्यंत राहिलेली चिंचेची आमटी अखेर आजीच्या आणि काकूच्याच वाट्याला येई. स्टीलची पातेली बाजारात आल्यावर पितळ मोडीत घालण्याची सर्वाधिक घाई त्या दोघींनाच झाली होती, आणि ती मला आजही रास्त वाटते.