मारिबचं धरण : फुटलं म्हणून ओअॅसिस संपलं, की संपत आलं होतं म्हणून फुटलं?

गाळपेर (धागाकर्ता)

येमेनमधल्या मारिबबद्दल जे काही वाचायला मिळतं ते एकाच गोष्टीवर येऊन थांबतं. सबा राज्याचं प्रचंड धरण सहाव्या शतकात फुटलं, बागा वाळल्या, लोक परागंदा झाले. कुराणातही तोच पूर आहे: दोन बागांच्या जागी कडू फळं, झाऊची झुडपं आणि थोडी बोरं उरली. माझं मत असं की फूट ही शेवटची पायरी होती. ही सिंचनव्यवस्था स्वतःच्याच गाळाखाली अडकत चालली होती, आणि तो हिशोब मांडता येतो.

मारिबला स्वतःचा पाऊस वर्षाला 100 मिमीसुद्धा नाही. सगळं पाणी वादी धना या नदीतून येतं. तिचं पाणलोट वरच्या डोंगरात, साधारण 10,000 चौ. किमी. नदी एरवी कोरडी ठणठणीत. मार्च-एप्रिलमध्ये एकदा आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये दुसऱ्यांदा लोंढे येतात, काही तासांत चढतात, फार तर काही दिवस टिकतात. पकडले तर आपले, नाहीतर पुढच्या वाळूत जिरले.

बलक डोंगरांच्या खिंडीत सुमारे 600 मीटर लांबीचा मातीचा भराव होता, त्यावर दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) आणि दोन्ही टोकांना घडीव दगडाच्या मोऱ्या. त्याचं काम पाणी वर्षभर साठवायचं नव्हतं. लोंढ्याची पातळी मोरीच्या उंबऱ्यापर्यंत चढवायची आणि पाणी उत्तर-दक्षिण दोन कालव्यांत वळवायचं, एवढंच. दोन्ही बाजू मिळून सुमारे 9,600 हेक्टर भिजत. साठवण व्हायची ती शेतात: बांध घातलेल्या वाफ्यात अर्धा-पाऊण मीटर पाणी कोंडायचं, जमिनीत मुरू द्यायचं, मग त्या ओलीवर पेरणी.

आता गाळ. वर्षाला 60 सेमी पाणी म्हणजे दर चौ. मीटरला 600 किलो. असल्या लोंढ्यात वजनाने अडीच टक्के गाळ ही माफक गोष्ट आहे. म्हणजे 15 किलो. बसलेल्या गाळाचं वजन घनमीटरला 1,400 किलो धरा. जाडी निघते साधारण 1 सेमी. मारिबच्या शेतांतल्या गाळाच्या थरांवरून अभ्यासकांनी काढलेला वेगही याच्या आसपासचा आहे, आणि काही ठिकाणी एकूण थर 30 मीटरपर्यंत जातो. इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकापासून तिथे लोंढ्याचं पाणी वळवलं जात होतं, हेही त्या थरांवरूनच कळलं.

शेत शतकात 1 मीटर चढतं, म्हणून कालव्याचं तोंडही 1 मीटर चढायला हवं. सुरुवातीला सोपं असतं: वळवणी बंधारा नदीत थोडा वरच्या अंगाला सरकवायचा. तळाचा उतार हजारी चार असेल तर 250 मीटर वर गेलं की 1 मीटर मिळतो. पण सरकत सरकत खिंडीत पोचलात की पुढे जागा नाही. तिथून एकच मार्ग, भराव उंच करणं. सुरुवातीला 4 मीटर, मग 7, मग 14 अशी जी उंची सांगितली जाते ती मला राजांच्या हौसेपेक्षा शेताच्या पातळीची नोंद वाटते.

कोरडा_ओढा

गाळाचा हिशोब मान्य. त्यातून काढलेला निष्कर्ष अमान्य.

तुमचीच पद्धत पुढे नेतो. भरावाचा छेद त्रिकोणी, दोन्ही उतार 45 अंशांचे धरू. छेदाचं क्षेत्रफळ म्हणजे उंचीचा वर्ग. 14 वरून 15 मीटर करायला 225 वजा 196, म्हणजे 29 चौ. मीटर; गुणिले 600, झाले 17,400 घनमीटर. माती खणणं, वाहणं, धुमसणं (ठोकून घट्ट करणं) धरून माणशी रोजचा 1 घनमीटर. 300 माणसांचं दोन महिन्यांचं काम, आणि तेही शंभर वर्षांतून एकदा! ज्या राज्याने उदाच्या (धुपाच्या) व्यापारावर शतकानुशतकं कर घेतला त्याला हे झेपत नव्हतं म्हणायचं का?

मरणाचं कारण दुसरीकडे आहे. उदाचा मोठा व्यापार समुद्रमार्गे वळला. सबा शेजारच्या हिम्यर राज्याच्या ताब्यात गेलं आणि सत्ता मारिबहून डोंगरातल्या जफारला गेली. धरणाची डागडुजी आता दूरच्या राजाच्या मर्जीवर. शिलालेख बघा: चौथ्या शतकात फूट, इ.स. 455 च्या सुमारास हिम्यरी राजा शरहबिल याफुरची दुरुस्ती, 548 च्या सुमारास येमेनवर राज्य करणाऱ्या अब्रहाची. अब्रहाच्या लेखात मजुरांना पुरवलेल्या पिठाची 50,806 मापं आणि खजुराची 26,000 मापं नोंदलेली आहेत. त्याच लेखात किंदा टोळीचं बंड आहे आणि साथीमुळे माणसांना घरी सोडल्याचा उल्लेखही आहे. इतकं होऊनही काम पुरं केलं. 558 च्या सुमाराची आणखी एक दुरुस्ती नोंदली आहे. मग 570 च्या दशकात इराणी सत्ता आली आणि पुढच्या फुटीच्या वेळी कुणी माणसं गोळा केली नाहीत. गाळ सहाव्या शतकात अचानक वाढला नव्हता. माणसं गोळा करणारी यंत्रणा मात्र संपली होती.

सांडवा_अभियंता

दोघांच्याही हिशोबात एक गोष्ट सुटते आहे. भराव उंच करणं आणि फुटलेला भराव सांधणं ही दोन वेगळी कामं आहेत.

उंच करताना कोरडा_ओढा म्हणतात तसा सवडीने वेळ असतो. फूट सांधताना मुदत नदी ठरवते. सप्टेंबरचा शेवटचा लोंढा ओसरला की मार्चपर्यंत पाच-सहा महिने. तेवढ्यात फुटीच्या दोन्ही कडा पायऱ्या-पायऱ्यांनी कापून घ्यायच्या (उभ्या कडेला नवी माती चिकटत नाही, सांध्यातून पाणी झिरपतं), तळातली वाळू घट्ट थर लागेपर्यंत काढायची, मग वीतभर जाडीचे थर टाकून पाणी मारत धुमसत वर यायचं. वाळवंटात हिवाळ्यात धुमसायला लागणारं पाणीही आणावं लागतं. अर्ध्यावर असताना मार्चचा लोंढा आला तर सगळं वाहून जातं, कारण नदीला दुसरी वाट नाही.

हा भराव फुटण्याच्या जागाही ठरलेल्या होत्या:

• माती आणि दगडी मोरी भेटते तो सांधा. माती खचते, दगड खचत नाही, मध्ये फट पडते. वर्षातले आठ-नऊ महिने उन्हात तडकलेल्या भरावावर एका रात्रीत पाणी चढलं की पहिली गळती तिथूनच.

• माथा. मातीच्या भरावावरून हातभर पाणी काही तास वाहिलं तर खालचा उतार कोरला जातो. त्यासाठी सांडवे होते, पण भरावामागची नदी गाळाने भरत गेली की लोंढा सामावणारी जागा कमी होते आणि सगळा भार सांडव्यावर येतो.

• घुशी. अरबी दंतकथेत उंदराने धरण कुरतडलं असं आहे, लोक हसतात. कोरड्या मातीच्या भरावात बीळ आरपार गेलं तर ती तयार नळीच असते. फक्त बीळ हे निमित्त, देखभाल न करणं हे कारण. 2019 साली रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांवर खापर फोडलं गेलं होतं, ते आठवा.

यात पहिल्या दोन गोष्टी उंचीबरोबर बिघडतात. 7 मीटरच्या भरावाची फूट आणि 14 मीटरच्या भरावाची फूट यात दुप्पट फरक नाही. दर मीटर रुंदीला माती चौपट लागते, आणि खड्डा पडतो तो वेगळाच. म्हणून माझं मत गाळपेर यांच्या बाजूने झुकतं.

फडकरी

शेताच्या बाजूने कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो.

गाळ म्हणजे शत्रू असं चित्र उभं राहतंय. लोंढ्याच्या सिंचनात गाळ हेच खत आणि गाळ हीच टाकी. पोयट्याच्या जमिनीत दर मीटर खोलीला 15 ते 20 सेमी पाणी पिकाच्या कामी येईल असं धरून ठेवता येतं. दोन मीटर खोल ओल गेली तर 30 ते 40 सेमी पाणी जमिनीत जमा. ज्वारी एका भिजवणीवर काढायला ते जेमतेम पुरतं, आणि ज्वारीची मुळं तेवढी खोल जातात. वाळवंटाच्या मूळ रेताड जमिनीत हेच पाणी मुळांखाली निघून गेलं असतं. थोडक्यात, मारिबची शेतजमीन नदीने आणून दिलेली आहे. गाळ थांबवला असता तर शेतीच झाली नसती.

अडचण जाड वाळूची असते, बारीक गाळाची नाही. मोरीतून पाणी सुसाट येतं. त्याचा वेग मारायला आणि वाळू बसवायला मोरीच्या पुढे हौदासारखं कुंड होतं, तिथून सुमारे एक किलोमीटरचा मुख्य कालवा आणि शेवटी दगडी विभाजक, जिथून चाऱ्या फुटत. हे कुंड दर लोंढ्यानंतर उपसलं पाहिजे. नाही उपसलं तर वाळू कालव्यात उतरते, तळ चढतो, उतार मोडतो, वेग घटतो, म्हणून आणखी वाळू बसते. दोन-तीन हंगामांत कालव्याच्या शेवटच्या चाऱ्या बंद. भराव शाबूत असतानाही टोकाचा शेतकरी उपाशी राहू शकतो.

आपल्याकडे धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम नद्यांवरच्या फड पद्धतीतही बंधारा पाणी वळवण्यापुरताच असतो आणि पाट साफ करायला लाभधारकांनी माणसं द्यायची असतात. तिथे जी व्यवस्था टिकली ती पाटकऱ्यांच्या आणि नेमून दिलेल्या पाळ्यांच्या जोरावर. मारिबला पाणी वाटायला विभाजक दगडात बांधला होता, भांडण कमी. पण कुंड दगड उपसत नाहीत. तेव्हा कोरडा_ओढा यांच्याशी अर्धा सहमत: माणसं संपली. फक्त ती राजधानीतली की कुंडावरची, हा प्रश्न आहे.

कोरडा_ओढा

@सांडवा_अभियंता, दोन लोंढ्यांमधल्या मुदतीचा मुद्दा मजबूत आहे, पण तो माझ्याच पारड्यात पडतो. पाच महिन्यांत हजारो माणसं, त्यांचं पीठ, खजूर, मांस गोळा करणं हे प्रशासनाचं काम आहे. अब्रहाला ते जमलं, आणि तो तर परका, अक्सुमी (इथिओपियाकडचा) सेनानी. धरणाची उंची तेव्हाही जवळपास तेवढीच होती. काही दशकांनी कुणालाच जमलं नाही. या दरम्यान काय बदललं?

गाळपेर

बदललं ते धरणाच्या खाली. शेतं दोन्ही काठांवर शतकाला मीटरभर चढत होती, मधलं वादीचं पात्र नाही. धरण उभं असेतो हा फरक अंगावर येत नाही, कारण पाणी वरून, मोरीतून येतं. धरण फुटलं की अख्खा लोंढा पात्रातून जातो आणि मऊ पोयट्याचे काठ कापतो. आज वादीच्या कडेला गाळाचे उभे कडे दिसतात, शेताची पातळी वर लटकलेली. एखाद्या गावाने उमेदीने चार माणसं घेऊन दगड-झुडपांचा बंधारा घातला, तरी पाणी त्या शेतावर चढत नाही.

म्हणून अब्रहाच्या 1,000 वर्षं आधी जी फूट गावकरी मिळून निभावू शकले असते ती सहाव्या शतकात फक्त राजाच निभावू शकत होता. अब्रहाला जमलं हे खरं. पण ज्या शेतीला दर दोन-तीन पिढ्यांनी एक अब्रहा लागतो ती शेती टेकीला आलेली आहे.

पाणीपट्टी

मग 1986 चं नवं धरण कुठे बसतं यात? अबूधाबीच्या शेख झायद यांच्या पैशातून जुन्या धरणाच्या 3 किमी वर बांधलं. उंची 38 मीटर, लांबी 763 मीटर, साठा जवळपास 40 कोटी घनमीटर. गाळपेर यांच्या जुन्या क्षेत्राला 60 सेमीची एक भिजवणी म्हणजे 5.76 कोटी घनमीटर. सातपट! प्रश्न सुटला की.

फडकरी

कागदावर. तलाव भरला की पृष्ठभाग सुमारे 30 चौ. किमी. त्या उन्हात वर्षाला 2 मीटर बाष्पीभवन धरलं तरी 6 कोटी घनमीटर हवेत गेलं, म्हणजे जुन्या सगळ्या शेतीची एक भिजवणी. सबाचे लोक पाणी उघड्यावर ठेवत नव्हते, जमिनीत घालत होते. शिवाय आता गाळ तलावात बसतो आणि निवळ पाणी खाली येतं. ते पात्र जास्त कापतं आणि शेताला खत देत नाही. पंप होते म्हणून शेती चालली, आणि पंपांनी भूजल खाली नेलं.

सांडवा_अभियंता

मूळ वाद मिटवायचा तर मोजता येईल अशी गोष्ट सांगतो. गाळाच्या सगळ्यात वरच्या थराचं वय प्रकाश-उद्दीपन पद्धतीने काढता येतं: वाळूच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं ते कळतं. मोरीजवळची शेतं आणि कालव्याच्या टोकाची शेतं, दोन्हीकडे नमुने घ्या. सगळीकडे वरचा थर सहाव्या शतकाचा निघाला तर कोरडा_ओढा बरोबर: शेवटपर्यंत सगळी जमीन भिजत होती आणि एका फुटीने संपली. टोकाकडचा थर चौथ्या शतकात थांबला आणि मोरीजवळचा सहाव्यात, असं निघालं तर क्षेत्र आधीच आक्रसत होतं. नमुना मात्र कालव्याच्या उपशाच्या ढिगातून घेऊ नका. तिथे जुना गाळ वर आलेला असतो आणि वय भलतंच येतं.

कोरडा_ओढा

चालेल. फक्त टोकाची शेतं आधी सुकली तरी त्याचं कारण उंबऱ्याची पातळी की न उपसलेलं कुंड, हे थराच्या वयावरून कळणार नाही. कालव्याच्या तळातल्या वाळूची जाडी सोबत मोजा. वाळू जाड आणि उंबरा शेतापेक्षा वर निघाला तर गाळपेर यांना माझं ऐकावं लागेल.