स्वच्छ पाणी, ६ पौंडी फ्लोरो आणि फुकटचा तोरा

लॅनियरकाठचा

परवा या मंचावरच्या दुसऱ्या धाग्यावर बास (अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गळाने पकडण्याची चर्चा चालू होती. तिथे एका सभासदांनी फ्लोरोबद्दल, म्हणजे फ्लोरोकार्बनच्या दोऱ्याबद्दल, फर्मान काढलं (पौंड म्हणजे दोरा किती ओढ सोसतो ते) : 'स्वच्छ पाण्यात बाससाठी ६ पौंडांच्या वरचा फ्लोरो लावणाऱ्याने गळ विकून बाजारातून मासे आणावेत. फ्लोरो पाण्यात अदृश्य असतो, पण जाड लावला की माशाला लगेच दिसतो.' खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे दोन ओळी लिहून भागणार नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, अदृश्य असेल तर जाड झाल्यावर दिसतो कसा? पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लोरोचा साधारण १.४२, नायलॉनचा दीडच्या पुढे. म्हणजे फ्लोरोचा आकडा पाण्याच्या जास्त जवळ, म्हणून तो नायलॉनपेक्षा कमी दिसतो, एवढंच. ६ पौंडी दोरा साधारण ०.२० मिलिमीटर, ८ पौंडी ०.२३५. या फरकावर कुणाचा गळ विकायला काढता?

बारीक दोऱ्याचा फायदा आहे, पण तो वेगळा. आमिष मोकळं हलतं, छोटं वजन पटकन तळाशी जातं, क्रँकबेट (ओढलं की बुडी मारणारं आमिष) थोडं अधिक खोल उतरतं. नजरेचा भाग त्यानंतर. आणि आमच्या जॉर्जियातल्या लॅनियर तलावात उन्हाळ्यात स्पॉटेड बास (बासची एक जात) २५-३० फुटांवर, बुडवलेल्या झाडोऱ्यात बसलेला असतो. नाहीतर तरंगत्या डॉकखाली (बोटींच्या धक्क्याखाली), जिथे लोखंडी दोरखंड आडवेतिडवे गेलेले असतात. मासा लागला की पहिला खाली झाडोऱ्यात घुसतो. तिथे ६ पौंडी लावणारा माणूस मासे पकडत नाही, माशांच्या तोंडात गळ वाटत फिरतो.

माझा हिशोब : झाडोरा असेल तर १० पौंडी लीडर (आमिषाजवळचा पुढचा दोरा), डॉकच्या कडेला ८, हिवाळ्यात उघड्या पाण्यात छोटं आमिष असेल तरच ६. पाण्यावरच्या आमिषाला फ्लोरो नकोच, तो बुडतो आणि आमिषाचं नाक खाली ओढतो. तिथे साधा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, बरा.

बारीकदोरा

ते 'एक सभासद' म्हणजे मीच. नाव घ्यायला लाज वाटली का?

तुमचं तळं म्हणजे बुडालेलं जंगल. मी मिशिगनच्या लेक सेंट क्लेअरबद्दल बोलत होतो. सरासरी खोली ११ फूट, खाली वाळू, बारीक खडी, मधे मधे पाणवनस्पतींच्या कडा. वारा पडला की तळ स्वच्छ दिसतो आणि स्मॉलमाउथ (बासचीच दुसरी जात) आमिषामागे येऊन, बघून, परत जातो. हे डोळ्यांनी पाहिलंय. तुमचा अपवर्तनांक त्या माशाला जाऊन सांगा.

आणि ६ पौंडी दोरा तुटतो कुणाचा? ज्याचा ड्रॅग (रिळाचा ब्रेक) करकचून आवळलेला असतो त्याचा. मोठ्या स्पिनिंग रिळावर १० पौंडी ब्रेडेड (विणलेला दोरा), पुढे ८-१० फूट फ्लोरो, ड्रॅग सैल. मासा पळतोय तर पळू द्या. पाच पौंडांचे स्मॉलमाउथ असेच काढलेत.

लॅनियरकाठचा

सेंट क्लेअरचं पाणी स्वच्छ कशामुळे झालं ते तरी आठवा. झेब्रा शिंपले. १९८८ साली तुमच्याच तळ्यात सापडले, पाणी गाळून गाळून काचेसारखं केलं, आणि आता तळाच्या प्रत्येक दगडावर चिकटून बसलेत. त्यांची कड कशी असते? बोट फिरवून बघा एकदा. ज्यांनी पाणी स्वच्छ केलं तेच तुमचा ६ पौंडी कापतात.

बारीकदोरा

म्हणूनच दर दोन-चार माशांनंतर शेवटचा फूटभर दोरा बोटांतून फिरवायचा, खरखरीत लागला की कापून पुन्हा गाठ मारायची. आळशी माणसाला जाड दोरा लागतो.

गाठमारे

दोघंही पौंडांवर भांडताय, गाठीचं कुणी बोलत नाही! फ्लोरो नायलॉनपेक्षा कडक. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने तापतो आणि तिथेच मरतो. मग ८ पौंडीचा ४ पौंडी झाला तरी कळत नाही. थुंकी लावा, सावकाश ओढा. दोरा तुटल्यावर टोक बघा : डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर गाठ सरकली, खरवडलेलं असेल तर घासला. हे न बघता 'फ्लोरो भंगार आहे' म्हणत येतात. माझा मेहुणा दर उन्हाळ्यात येतो. पॅलोमार शिकवली, तरी घरी जाऊन बुटाची गाठ मारतो.

आणि पाकिटावरच्या पौंडावर जाऊ नका. बरेच दोरे लिहिलंय त्यापेक्षा जास्त वजनाला तुटतात. दोन कंपन्यांचे '८ पौंडी' शेजारी धरलेत तर जाडी वेगळी निघते. जाडी बघून घ्या. जपानी लोक 'गो'मध्ये मोजतात, २ गो म्हणजे ०.२३५ मिलिमीटर.

खाडीवाला

एवढं वाचलं. कुणीतरी सांगेल का, मासा काढल्यावर करता काय?

बारीकदोरा

सोडतो. अर्थात.

खाडीवाला

म्हणजे खेळवून खेळवून दमवायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात? आमच्या अलिबागकडे रात्रभर खाडीत गरवून एक जिताडा मिळाला तर सकाळी आळीत वास जातो. हे सोडायचं खूळ मला कधी कळलं नाही. मासा भुकेपोटी आला होता, तुम्ही मात्र नुसती गंमत करायला गेला होतात.

पाणवाटा

खाडीवाले, इथले नियम आणि तिथली खाडी यांची सरमिसळ नको. मिशिगनमध्ये दिवसाला ५ बास, किमान १४ इंच, आणि सेंट क्लेअरवर जूनच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत ठेवताच येत नाही, लगेच सोडावा लागतो. त्या थंड पाण्यात स्मॉलमाउथ फार सावकाश वाढतो. पाच पौंडांचा मासा तुमच्या पोराएवढ्या वयाचा असू शकतो. मोठ्या माशात पारा साठतो तो वेगळाच. हे 'आळीत वास'वालं रडगाणं नको.

खाडीवाला

रडगाणं? बरं. मग पारा न साठलेले छोटे सोडता आणि पारा साठलेले मोठेही सोडता. एकूण काय, हात ओले करून घरी.

माझा प्रश्न त्या ६ पौंडीवाल्यांना. ड्रॅग सैल सोडून दहा-दहा मिनिटं मासा पळवता, ऑगस्टच्या कोमट पाण्यात. तो अर्धमेला होतो. मग 'जा बाळा' म्हणून सोडता, आणि तो पलीकडे जाऊन उताणा होतो. तुम्ही बघत नाही म्हणून पुण्य?

लॅनियरकाठचा

खाडीवाल्यांशी सहमत होण्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण हा मुद्दा बिनतोड आहे. आमच्याकडे ३० फुटांवरून वर आणलेला मासा तर आधीच फुगलेला असतो, हवेची पिशवी ताणते, नुसता सोडला की वरच तरंगतो. पिशवीतली हवा सुईने काढायची किंवा वजन लावून खाली पाठवायचा, आणि तेही पटकन. जाड दोरा असेल तर मासा लवकर हातात येतो, लवकर परत जातो. सोडणाऱ्यांनीच जाड लावायला हवा!

बारीकदोरा

वा. आता ६ पौंडी म्हणजे खूनच. दहा मिनिटं कुणी खेळवतं? नीट वाकणारी काठी असेल तर एवढा वेळ लागतच नाही.

ओसाकाकर

जपानातून. कुरिता यांनी २००९ साली बिवा तलावात पकडलेला लार्जमाउथ २२ पौंड ४ औंसांच्या वर भरला. १९३२ च्या जॉर्जियातल्या पेरींच्या माशापेक्षा औंसभर जास्त, पण जागतिक विक्रम मोडायला २ औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांच्या नावे बरोबरी. तो कितीवर पकडला? २५ पौंडी दोऱ्यावर. ६ नाही, ८ नाही.

खाडीवाल्यांसाठी : बिवा ज्या शिगा प्रांतात आहे तिथे २००३ पासून बास पाण्यात परत सोडायला मनाई आहे. बाहेरून आणलेला मासा, स्थानिक मासे खातो. तलावाकाठी बास टाकायच्या पेट्या ठेवल्यात.

बारीकदोरा

कुरितांचं आमिष जिवंत ब्लूगिल होतं. तळहाताएवढा मासा तडफडत असताना दोऱ्याकडे कोण बघतंय? दीड इंची रबरी अळी २५ पौंडीवर लावून दाखवा, मग बोलू.

खाडीवाला

पेट्या! म्हणजे खायचा नाही, सोडायचाही नाही, पेटीत टाकायचा. धन्य.

पाणवाटा

विषय कळला असता तर हसला नसतात. लॅनियरचे 'स्पॉट' तरी कुठले तिथले? बहुतेक अलाबामा बास आहेत, अलाबामातल्या मोबाईल नदीच्या खोऱ्यातून कुणीतरी आणून सोडलेले. लॅनियर ज्या चॅटाहूची नदीवर आहे, तिथला मूळचा म्हणजे शोल बास. हेच अलाबामा बास जॉर्जियातल्याच ब्लू रिज तलावात गेले आणि तिथल्या स्मॉलमाउथची वाट लागली. डबा भरून मासे इकडून तिकडे नेणारे महाभाग 'निसर्गप्रेमी'च होते.

लॅनियरकाठचा

म्हणजे तुमच्या तर्काने लॅनियरचा स्पॉट खाणं हेच निसर्गरक्षण?

पाणवाटा

दीड-दोन पौंडांचे खा की. जॉर्जियात दिवसाला १० ठेवता येतात. मी सेंट क्लेअरच्या स्मॉलमाउथबद्दल बोलत होतो.

खाडीवाला

अखेर परवानगी मिळाली! आठवण म्हणून छापून लावतो. लॅनियरवाले, पुढच्या वेळी दोन ठेवा. पांढरं मांस आहे, जिताड्याची सर येणार नाही, पण आमसूल आणि लसणीत चालून जाईल.

गाठमारे

दोरा विसरलात सगळे.

बारीकदोरा

विसरलो नाही. लॅनियरच्या झाडोऱ्यात मी ८ लावीन, चला, खूश? १० मात्र नाही. आणि लॅनियरकाठच्यांनी एकदा मे महिन्यात, वारा पडलेला असताना सेंट क्लेअरला यावं. माझ्या बोटीत, त्यांचा १० पौंडी, माझा ६.

लॅनियरकाठचा

येतो. ड्रॅग कोण तपासणार ते आधी ठरवा. आणि मे महिन्यात मासा ठेवता येत नाही, त्यामुळे खाडीवाल्यांना बोलावू नका.

खाडीवाला

मी जूनच्या तिसऱ्या शनिवारी येतो. तंगूस माझा मी आणीन, ३० पौंडी.