जुन्या डेस्कटॉपसाठी ट्रेचा डीव्हीडी रायटर घ्यावा की स्लॉटचा?

प्रश्न : धरणगावकर

नमस्कार मंडळी. आमच्या घरी 2009 साली घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी31 चिपसेटचा (प्रोसेसर, रॅम आणि इतर भाग जोडणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड, 2 जीबी रॅम आणि सुरुवातीपासूनचीच हार्ड डिस्क आहे. डीव्हीडी रायटरचे बटण दाबले की आतून मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण ट्रे बाहेर येत नाही. कधीतरी लागोपाठ बटण दाबल्यावर येतो. घरात दोन्ही बहिणींच्या लग्नांच्या व्हीसीडी आणि सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेल्या अहिराणी गाण्यांच्या बऱ्याच डिस्क आहेत, त्या संगणकात उतरवून घ्यायच्या आहेत. आमचे घर जिनिंगपासून (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यापासून) जवळ असल्याने हंगामात कापसाचे तंतू सगळीकडे बसतात. ट्रे उघडला की धूळ आत जाते, म्हणून गाडीतल्या सीडी प्लेअरप्रमाणे डिस्क आत ओढून घेणारा स्लॉटचा ड्राइव्ह बसवावा, असे एका परिचितांनी सुचवले. हा सल्ला योग्य आहे का? आणि एवढ्या जुन्या संगणकावर आणखी खर्च करण्यात अर्थ आहे का?

उत्तर : तापीकाठ

धरणगावकर भाऊ, आपण जे लक्षण सांगितले आहे ते जवळजवळ नेहमी बेल्टचे असते. ट्रेच्या ड्राइव्हमध्ये पुढच्या बाजूला एक छोटी मोटर असते आणि ती रबरी बेल्टने प्लॅस्टिकची चाके फिरवते. बटण दाबल्यावर ट्रे लगेच सरकत नाही. आधी लेझर आणि डिस्क फिरवणारी मोटर ज्या चौकटीवर असतात ती चौकट खाली उतरते, वरच्या चुंबकी चकतीपासून सुटते आणि मगच ट्रेचे दाते पकडले जातात. सर्वांत जास्त जोर त्या चुंबकापासून सुटतानाच लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे तापून ताठर आणि सैल झालेला बेल्ट नेमका तेथे घसरतो, म्हणून मोटरचा आवाज येतो आणि ट्रे जागचा हलत नाही. ड्राइव्ह रिकामा असताना चुंबक आणि धातू यांच्यामध्ये डिस्कचीही जाडी नसते, त्यामुळे पकड आणखी घट्ट होते. बेल्ट बदलेपर्यंत एखादी निरुपयोगी डिस्क आतच ठेवून पाहा. अनेकदा ट्रे त्याने उघडू लागतो.

दुरुस्तीसाठी संगणक पूर्ण बंद करून ट्रेखालच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप घाला. ट्रे थोडा पुढे आला की हाताने अलगद ओढा. पुष्कळ मॉडेलांमध्ये ट्रे पूर्ण बाहेर आल्यावर बेल्ट समोरच दिसतो. दिसला नाही तर खालचे चार स्क्रू काढून पत्रा उघडावा लागतो. जुना बेल्ट नमुना म्हणून सोबत घेऊन जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जुन्या कारागिराकडे चौकशी करा. जुना बेल्ट ताणलेला असतो, तेव्हा नवीन त्याहून किंचित लहान घ्या. पुलीवरचा चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि लेन्सला बोट लावू नका.

आता स्लॉटविषयी. त्यात रबरी रोलर डिस्कला दोन्ही पृष्ठांवर किंवा कडांना धरून आत ओढतात आणि तोंडाशी धूळ अडवण्यासाठी फेल्टची किंवा तंतूंची पट्टी असते. कागदावर ही रचना धुळीसाठी चांगली वाटते, परंतु कॅबिनेटमध्ये एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) पंखा हवा मागे फेकत असतो आणि तेवढीच हवा पुढच्या प्रत्येक फटीतून आत शिरते. ट्रे बंद असला तरी शिरते, स्लॉटमधूनही शिरते. फरक एवढाच की ट्रेमधली धूळ ट्रेवर बसते आणि पुसता येते, तर स्लॉटच्या पट्टीत अडकलेले कापसाचे तंतू आणि त्यांतली माती पुढच्या प्रत्येक डिस्कवर घासली जाते.

त्याहून मोठी अडचण आपल्या लग्नाच्या व्हीसीडींची आहे. त्या काळी आपल्याकडचे फोटो स्टुडिओ डिस्कवर वधूवरांचा फोटो आणि नावे छापलेले गोल कागदी स्टिकर चिकटवत असत. इतक्या उन्हाळ्यांनंतर त्याचा डिंक सुटून कडा वर आलेली असते. ट्रेमध्ये डिस्क नुसती ठेवायची असते, त्यामुळे ती कडा कशाला लागत नाही. स्लॉटमध्ये मात्र हीच कडा रोलरखाली सापडून डिस्क आत अडकते, आणि अनेक स्लॉट ड्राइव्हना पेपरक्लिपचे छिद्रही नसते.

उत्तर : यावलचा वाचक

तापीकाठ यांचे स्टिकरविषयीचे म्हणणे मान्य आहे, पण स्लॉटला इतके दोषी ठरवणे योग्य नाही. ॲपलने 1999 पासून आयमॅकमध्ये स्लॉट ड्राइव्ह दिला आणि पुढे प्लेस्टेशन 3 व निन्टेंडोच्या वी (Wii) या खेळयंत्रांतही तीच रचना होती. बाहेर आलेल्या ट्रेला लहान मुलाचा धक्का लागून तो मोडतो, तसा प्रकार स्लॉटमध्ये होत नाही. डिस्क उभी घालायची असेल तरीही तो सोयीचा पडतो. कारखान्यात छापलेल्या, स्टिकर नसलेल्या स्वच्छ डिस्कसाठी मला तो आजही आवडतो. तथापि आता मिळणारे बहुतेक स्लॉट ड्राइव्ह लॅपटॉपच्या मापाचे, म्हणजे 12.7 किंवा 9.5 मिलिमीटर उंचीचे असतात. त्यांना डेस्कटॉपच्या 5.25 इंची खणात बसवण्यासाठी वेगळी चौकट आणि वीजजोडणीसाठी वेगळा कनेक्टर लागतो, हा खर्च धरणगावकरांनी लक्षात घ्यावा.

धरणगावकर

स्टिकर सगळ्याच लग्नाच्या डिस्कवर आहेत आणि काहींच्या कडा खरोखरच उचललेल्या दिसतात. ते ओलसर कापडाने काढून टाकू का? व्हीसीडी उघडल्यावर आत .डॅट फाइल दिसतात, त्या नुसत्या कॉपी करून चालतील का?

उत्तर : शिरपूरची शिक्षिका

भाऊ, स्टिकर मुळीच ओढू नका. सीडीमध्ये चकाकणारा थर लेबलच्या बाजूलाच, लॅकरच्या पातळ आवरणाखाली असतो आणि स्टिकरबरोबर तोही निघून येतो. मग ती डिस्क कशानेही वाचता येत नाही. उचललेली कडा बोटाने दाबून बसवा आणि डिस्क लगेच उतरवून घ्या. केंद्राजवळ तडा गेलेली डिस्क मात्र ड्राइव्हमध्ये घालूच नका, कारण 52 एक्स वेगाला डिस्क मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते आणि तडा गेलेली डिस्क आतच फुटते.

विंडोजमध्ये एमपीईजीएव्ही फोल्डरमधल्या .डॅट फाइल कॉपी करता येतात आणि व्हीएलसी या प्लेअरमध्ये चालतात. ओरखड्यापाशी कॉपी थांबली तर लिनक्सवर व्हीसीडीएक्सरिप हा प्रोग्रॅम वापरून पाहा. व्हीसीडीचा चित्रपट ज्या प्रकारच्या सेक्टरमध्ये (डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या तुकड्यांत) असतो त्यात चुका दुरुस्त करणारा शेवटचा थर ठेवलेला नसतो. 650 एमबीच्या डिस्कवर 74 मिनिटांचे चित्रीकरण त्यामुळेच मावते. म्हणून नेहमीच्या डेटा सीडीची आयएसओ प्रत (पूर्ण डिस्कची एकच फाइल) करण्याची पद्धत येथे चालत नाही. एका ड्राइव्हने न वाचलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह पुष्कळदा वाचतो, तेव्हा आशा सोडण्याआधी शेजाऱ्यांच्या संगणकावर लावून पाहा. आधी लग्नाच्या डिस्क घ्या, गाण्यांच्या नंतर. स्टुडिओत किंवा घरी रायटरवर भरलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उजेडाने खराब होतो, यात्रेतल्या कारखान्यात छापलेल्या डिस्कला ती भीती नसते.

उत्तर : तापीकाठ

संगणकाविषयीचा प्रश्न राहिला होता. जी31 चिपसेट जास्तीत जास्त 4 जीबी डीडीआर2 रॅम घेतो, म्हणून तेवढी जुन्या बाजारातून घालून घ्या, पण पहिला पैसा एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) खर्च करा. आपल्या बोर्डवर डिस्क जोडणारी चिप बहुधा आयसीएच7 असेल, तिचे साटा पोर्ट (डिस्क जोडण्याची जागा) 3 गिगाबिटचे असतात आणि तिच्यात एएचसीआय, म्हणजे साटा डिस्क चालवण्याची नवी पद्धत, नसते, तेव्हा बायोसमध्ये तो पर्याय शोधत बसू नका. आयडीई या जुन्या मोडमध्येही एसएसडी चालते. नव्या बोर्डवर जेवढा वेग मिळतो तेवढा मिळणार नाही, परंतु हार्ड डिस्कला प्रत्येक तुकडा शोधायला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात ते वाचतील, आणि जुना संगणक रखडतो तो मुख्यतः त्या शोधण्यामुळेच.

विंडोज 10 चा सर्वसाधारण पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 च्या 24एच2 पासूनच्या आवृत्त्यांना लागणाऱ्या प्रोसेसरच्या काही सूचना (इन्स्ट्रक्शन) कोअर टू ड्युओमध्ये नाहीतच. विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती 4 जीबीवर व्यवस्थित चालते. प्रोसेसर बदलण्याच्या भानगडीत पडू नका. एसएमपीएस उघडून बघण्याचाही मोह टाळा, बंद असतानाही त्यात वीज साठलेली असते. ब्लोअरने बाहेरूनच धूळ काढा, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले नाहीत एवढे पाहा आणि मदरबोर्डवरचा सीआर2032 हा बटणसेल नवीन घाला. जुनी हार्ड डिस्क काढून टाकू नका, मात्र उतरवलेल्या व्हीसीडींची एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नका. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर करून बहिणींकडे देऊन ठेवा.